भाऊ आमच्याकडे राहिले तेव्हा

आमच्या घरात कुलर एकच, आणि सरकार पडलं त्या आठवड्यात तो एका आमदाराच्या उशाशी होता. आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याहून माहेरी आलेली मी, ओसरीवर ओल्या चादरी अंगावर घेऊन पडायचो. मे महिन्यातला चांदूर बाजार तालुका ज्यानं सोसलाय त्याला वेगळं सांगायला नको. पण आपण उकडून निघालो तरी चालेल, पाहुण्याला घाम येता कामा नये, हा आमच्या बाबांचा कायदा होता.

पाहुणा म्हणजे आमच्या मतदारसंघाचा अपक्ष आमदार. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. मुंबईत तेव्हा आमच्या पक्षाचं सरकार होतं, पण अल्पमतातलं. स्वतःची माणसं पुरत नव्हती म्हणून भाऊंसारख्या अपक्षांच्या टेकूवर उभं होतं. त्यातले एक-दोन टेकू हलायला लागले आणि विधानसभेत विश्वासदर्शक ठराव मांडायची पाळी आली. बाकीच्या आमदारांना कुठल्याशा हॉटेलात नेऊन कोंडलं. भाऊ म्हणाले, हॉटेलात पेपरवाले येतात, फुकटची बदनामी होते, मला आपल्याच मुलखात ठेवा. तेव्हा जिल्हाध्यक्षांचा बाबांना फोन आला. दोन दिवस भाऊंना तुमच्या संत्र्याच्या बगिच्यातल्या घरात सांभाळा, तिसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी येईल आणि त्यांना नागपूरला विमानात बसवून देईल, असं ठरलं.

बाबांनाच का, तर बाबा म्हणजे पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. त्यांनी कधी तिकीट मागितलं नाही आणि कोणी दिलंही नाही. साधी ग्रामपंचायतसुद्धा नाही. आई त्यावरून त्यांना कायम टोमणे मारायची. पण गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. दोन वावरांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून भाऊबंदांची डोकी फुटतात. असं भांडण पेटलं की दोन्हीकडची माणसं बाबांना बोलावायची. बाबा धुऱ्यावर उभे राहून जे सांगतील ते दोघंही ऐकायचे, कारण हा माणूस कोणाचा चहा पिऊन निकाल देत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात मिरवण्यासारखी दौलत तेवढीच होती.

जिल्हाध्यक्षांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. भाऊंचा फोन आम्ही ठेवून घेतलाय, दुसरा त्यांच्या हाती द्यायचा नाही आणि फाटकाला कुलूप ठेवायचं. बाबांना दोन्हीची लाज वाटत होती. त्यांनी फाटकाला साखळी घातली, तिच्यात कुलूप अडकवलं आणि किल्ली फिरवलीच नाही. मी म्हटलं, बाबा, हे काय? तर म्हणाले, "पाहुण्याले कुलपात ठेवतेत का कोनी?"

भाऊ मात्र मजेत होते. आईनं पहिल्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी केली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तुपात बुडवून खाताना भाऊ म्हणाले, काकू, माझ्या मायच्या हातची चव आहे. आई इतकी फुलली की दुसऱ्या दिवशी तिनं पाटोड्या केल्या. एरवी मी महिनाभर मागितल्या तरी ऊन फार आहे म्हणते. भाऊंनी बगिच्यात फेरी मारली, डिंक्या रोग लागलेल्या झाडांची चौकशी केली, मी शिकवते त्या शाळेचं विचारलं. बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बापाच्या घरी आल्यासारखं वाटतं. मी खोटं कशाला बोलू, मलाही माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर भाऊंनी फोन मागितला. मायची तब्येत बरी नाही, नुसता आवाज ऐकतो, म्हणाले. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा फोन काढून दिला. एवढंच नाही, तर आई-मुलाचं बोलणं आपण कशाला ऐकायचं म्हणून स्वतः बाहेर येऊन बसले आणि मलाही डोळ्यांनी बाहेर बोलावलं. आत कुलरचा घरघराट. भाऊ आपल्या मायशी बोलले की कोणाच्या बापाशी, ते देवाला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी गाडी ठरल्यापेक्षा लवकर आली. पांढरी मोठी गाडी, काळ्या काचा. भाऊ आंघोळ करून, भांग पाडून तयारच होते. म्हणाले, अध्यक्षांनीच पाठवली, विमानाची वेळ बदलली. बाबांनी जिल्हाध्यक्षांना फोन लावून पाहिला, लागला नाही. आईची तारांबळ उडाली. तिनं घाईघाईनं तीन पुडांचा स्टीलचा डबा भरला, माझ्या लग्नात आलेला, तिचा लाडका. बाबांनी खिडकीतून डबा आत दिला आणि हात जोडून म्हणाले, सरकार तुमच्या हाती आहे भाऊ. भाऊ हसले आणि काच वर गेली.

अर्ध्या तासानं दुसरी गाडी आली. तिच्यावर आमच्या पक्षाचा झेंडा होता. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, भाऊ झाले का तयार? बाबा फाटकात उभे होते. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला आजही सांगता येत नाही. ते त्या ड्रायव्हरला म्हणाले, बस बापा, आधी पाणी पी.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, तसं आम्हीही पाहिलं. भाऊ विरोधकांच्या बाकांवर बसले होते, आणि मतं मोजायची वेळ आली तेव्हा आमच्या सरकारच्या विरोधात उभे राहिले. सरकार पडलं. पाडणाऱ्यांनाही दुसरं उभं करता येईना, तेव्हा विधानसभा बरखास्त झाली आणि पुन्हा निवडणूक लागली. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, आई म्हणाली.

सरकार पडलं त्याच संध्याकाळी फोटो फिरायला लागला. बाबा हात जोडून उभे आहेत, आईचा डबा खिडकीच्या आत दिसतो आहे आणि बाबांच्या चेहऱ्यावर हसू आहे. खाली लिहिलं होतं, सरकार पाडणारे हेच ते निष्ठावंत. मी तो फोटो कितीदा तरी पाहिला. तो रस्त्यावरून काढलेला नव्हता. गाडीच्या आतून, पुढच्या सीटवरून काढलेला होता. म्हणजे भाऊ हसत होते तेव्हा त्यांचा माणूस समोर बसून आमच्या बाबांचा फोटो घेत होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकातच वाचलं होतं. त्या दिवशी घरात पाहिलं.

भाऊंचं एक वेळ सोडा, तो बाहेरचा. आपल्या माणसांनी काय केलं ते ऐका. भाऊंना आमच्याकडे ठेवायचं डोकं जिल्हाध्यक्षांचं. वरून विचारणा झाली तशी त्यांनी हात वर केले. पेपरवाल्यांना सांगितलं, आमच्याच घरभेद्यानं दगा दिला. बाबा अमरावतीला पक्षाच्या कार्यालयात खरं काय ते सांगायला गेले. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत बाहेरच्या बाकावर बसले, आत कोणी बोलावलं नाही. ज्या पोरांना बाबांनी पोस्टर चिकटवायला शिकवलं होतं ती पोरं त्यांच्या समोरून आत-बाहेर करत होती, आणि त्यांतल्या एकानंही काका म्हटलं नाही. परत आले तेव्हा बाबा आईला एवढंच म्हणाले की तिथला पंखा बंद होता.

गावात तर विचारायलाच नको. बाबांनी किती घेतले याचे आकडे चावडीवर रोज बदलायचे. सुट्टी संपून मी अकोल्याला परतले, तर शाळेच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी तोच फोटो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे तुमच्याकडचेच ना हो? मी म्हटलं, माझे वडील आहेत. मग त्या फार गोड बोलायला लागल्या आणि मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शेजारच्याच वावरात धुऱ्याचं भांडण झालं. दोन्हीकडच्यांनी वलगावहून कोणाला तरी बोलावून आणलं. बाबा आपल्या बगिच्यात उभे राहून ते पाहत होते, आणि धुरा चुकीच्या जागी टाकला गेला तरी बोलले नाहीत. हे आईनं मला फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता रडली.

मग तिकिटं जाहीर झाली. आमच्या पक्षानं तिकीट कोणाला द्यावं? भाऊंना! निवडून येण्याची क्षमता पाहिली म्हणे. ज्यानं सरकार पाडलं त्याच्याच गळ्यात आमचा गमछा, आणि ज्यानं त्याला जेवू घातलं तो घरभेदी. मला हसावं की रडावं कळेना. चार दिवसांनी जिल्हाध्यक्ष पेढ्याचा पुडा घेऊन आमच्या दारात हजर. काका, झालं गेलं गंगेला मिळालं, तुमच्याशिवाय या गावात बूथ कोण सांभाळणार?

मला वाटलं होतं, बाबा त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवतील. पण बाबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, मला पद नको, काही नको. भाऊंनी फक्त एकदा भर सभेत सांगावं की काकांना काही माहीत नव्हतं. जिल्हाध्यक्षांनी तिथूनच भाऊंना फोन लावून बाबांच्या कानाला दिला. पलीकडून भाऊ म्हणाले, "काका, येवढंच ना? सांगतो नं जी, छातीवर हात ठेवून सांगतो."

सभा चांदूर बाजारला, बाजाराच्या मैदानावर होती. मी अकोल्याहून सकाळच्या एसटीनं परतवाड्याला उतरून तिथून जीपमध्ये स्वतःला कोंबून आले. बाबांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आई पदर सावरून पहिल्या रांगेत बसली होती. धुऱ्याच्या भांडणातली दोन्ही घरं आली होती, गावातला चहाटपरीवाला आला होता. सगळं गाव आलं होतं, आणि मला बरं वाटलं. सगळ्यांच्या देखत होऊन जाईल, असं वाटलं.

भाऊ चांगले बोलतात, हे मान्य करावं लागेल. भाषणाच्या मध्येच थांबून त्यांनी बाबांना वर बोलावलं, शाल पांघरली, हाती नारळ दिला. मग माईकवर म्हणाले, "सरकार पाडाचं ठरलं तवा माया जिवाले धोका होता. ज्या घरानं मले लपवलं आन् वेळेवर बरोबर गाडीत बसवून देल्लं, ते ह्या काकाचं घर. मानसानं शिव्या खाल्ल्या, पन मायं गुपित फोडलं नाही. असा मानूस पाह्यजे राजकारनात!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. बाबांनी माईककडे हात पुढे केला. मी पाहिलं, आईनं पाहिलं. भाऊंनी तोच हात मधल्या मध्ये धरला आणि उंच केला. फोटोवाल्यांनी फोटो घेतले. दुसऱ्या हातात नारळ असल्यामुळे बाबांना तो हात सोडवूनही घेता आला नाही.

जीपनं घरी आलो. आईनं शाल घडी न करताच कोपऱ्यात टाकली. नंतर चूल पेटवता पेटवता म्हणाली, शाल देल्ली मेल्यानं, माया डबा कुठी हाय? मग ती हसली, मीही हसले, आणि दोघींना हसणं आवरेना तेव्हा बाबा उठून बगिच्यात गेले.

मतदानाला बाबा बूथवर बसले नाहीत. मत मात्र दिलं. कोणाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. भाऊ निवडून आले. आमच्या पक्षाचं सरकार आलं, तेही पुन्हा काठावरचंच.

निकालानंतरच्या रविवारी मी बाबांना जबरदस्तीनं टपरीवर घेऊन गेले. पाच महिने त्यांनी तिथे पाय ठेवला नव्हता. आम्हाला पाहून बाकावरची माणसं सरकली आणि जागा करून दिली. टपरीवाल्यानं स्पेशल चहा पुढे ठेवला आणि पैशाला हात लावू दिला नाही. धुऱ्याच्या भांडणातला एक जण जवळ येऊन म्हणाला, काका, आमचा धुरा एकदा पाहून द्या ना. टपरीवाला खाली वाकून हळूच म्हणाला, पोराचं काम आहे, भाऊंकडे जरा शब्द टाका. सगळे हसत होते, सगळे काका काका करत होते. आजवर मिळाला नव्हता एवढा मान बाबांना त्या सकाळी मिळत होता.

बाबांनी चहा खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काही केलं नव्हतं. मले काही मालूमच नव्हतं."

टपरीवाल्यानं बाकीच्यांकडे पाहिलं, मग बाबांचा कप पुन्हा त्यांच्या हातात दिला. प्रेमानं म्हणाला, "हो जी काका. तुमी काहीच नाही केलं. आमाले का सांगता?"