आरशासारखं बक्कल

चिंचेने पितळ घासलं की तो आंबट वास मला मध्यभारत राज्याच्या काळातल्या इंदूरच्या खंडेनवमीला नेऊन सोडतो. मी दहा वर्षांची, घरात सगळ्यांत शहाणी! संस्थानच्या फौजेतून लढाईला जाऊन आलेल्या काकांच्या पेटीत पट्ट्याचं मातीने माखलेलं बक्कल होतं. शस्त्रपूजेसाठी मी ते आरशासारखं घासलं. काका बघतच राहिले. "माझ्या दोस्ताचं होतं, बेटा. तो लढाईत पडला तिथली माती होती ती." मग हसले, "मळक्या बकलावरून परेडला रोज डाँट खायचा. आज पास झाला बेटा!" घासल्याचं गढूळ पाणी त्यांनी हळूच तुळशीत ओतलं. आणि मी दीडशहाणी म्हणते, "काका, चिंचेने तुळस जळेल ना!" आजी झाले, तरी त्या पोरीचा कान पिळावासा वाटतो.