खुडूक कोंबडी आणि कूलर

मी फार बोलत नाही. घरात त्याला स्वभाव म्हणतात. पण गेल्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी जो गप्प होतो तो स्वभाव नव्हता, भीती होती.

मुलीच्या बाळंतपणासाठी बायको महिनाभर अकोल्याला गेली आणि परतवाड्याच्या घरात मला एका खुडूक कोंबडीच्या हवाली करून गेली. सासूबाईंनी जन्मभर गावरान कोंबड्या पाळल्या. त्या गेल्या, मग मुंगसानं आणि मर रोगाच्या साथीनं कोंबड्याही नेल्या. त्या वंशातली ही एकच उरली होती. बायकोनं टोपलीत कुटार, म्हणजे भुसा, अंथरलं, अकरा अंडी मांडली, आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवला आणि कोंबडी बसवली.

"रोज एकडाव उठन, खाईन, पाणी पिईन, आपली आपण बसन. तुमी फक्त दाणे-पाणी ठेवा आन मांजर हाकला. बाकी तिले हात लावू नका," ती म्हणाली.

मी हात लावला नाही, हे आजही शपथेवर सांगेन.

एप्रिलचा शेवट होता. दुपारी कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकायची. आपण कूलरपुढे बनियनवर लोळावं आणि एका आईनं पडवीत शिजावं, हे माझ्यानं बघवेना. मी कूलर ओढत नेला आणि तिच्या तोंडापुढे लावला. वऱ्हाडात उन्हाळ्यात याहून मोठा मान पाहुण्यालाही मिळत नाही.

दोन दिवस ती डोळे मिटून बसली. मला वाटलं, सुखावली. तिसऱ्या दिवशी शाळेत शिकवून आलो तर ती अंगणातल्या तापलेल्या धुळीत पंख पसरून पडलेली, कूलर घरघरतोय आणि अकरा अंडी ओल्या कुटारात माठासारखी गार. कूलर बंद केल्यावर ती परत बसली. एकविसावा दिवस गेला, चोविसावा गेला, अंडी तशीच. ती मात्र उठेना. तिचा विश्वास बघून मलाच रडू यायला लागलं.

शेवटी बाजारात गेलो. पिलंवाल्याला विचारलं, "गावरान आहेत ना?"

"साहेब, एकदम गावरान. यायचा आजा मेळघाटातला."

सात पिलं घेतली. तिन्हीसांजेला अंडी काढून एकेक पिलू तिच्या पोटाखाली सरकवलं. तिनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या गळ्यात कुर्र करून पंख पसरले. तिनं मला माफ केलं की तिला काही कळलं नाही, हे मी ठरवू शकलो नाही.

व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली, "अवं, सगळेच पिवळे काहून?"

"मोबाईलचा कॅमेरा तसा आहे."

पिलं पांढरी झाली. दोन महिन्यांत आईएवढी आणि पोळा आला तेव्हा आईच्या दीडपट. त्यांच्या चालण्यानं पडवी दणदणायची. आई भिंतीवर उडून बसायची, पिलं खाली उभी राहून वर बघायची.

"हे कोनावर गेले?" बायको विचारायची.

"बापावर," मी म्हणायचो.

तिचा मात्र ऊर भरून आलेला. "माह्या आईची जात वाढून राहिली." पोळ्याच्या आधीच त्यातल्या दोन तिनं हिवरखेडच्या बहिणीला आईची आठवण म्हणून दिल्या. मी पिशवी बांधून दिली. सांगायची ती वेळ होती. मी फक्त गाठ घट्ट मारली.

दिवाळीला शेजारच्या काकूंकडे जावई येणार होता. काकूंना रश्श्यासाठी गावरान कोंबडी हवी होती. बायको म्हणाली, "आपली म्हातारी देऊन टाकतो. तिची जात तं आता चाललीच पुढं." आणि ती कोंबडी धरायला वाकली.

"नको," मी ओरडलो. घरात एवढ्या मोठ्यानं मी प्रथमच बोललो असेन. मग सगळं सांगितलं. कूलर, गार अंडी, बाजार, मेळघाटातला आजा.

ती कोंबडी कुशीत घेऊन खाली बसली. म्हणाली, "सहा महिने?"

"हो."

"बहिणीले फोन लावा. तुमीच सांगा."

स्पीकर सुरू करून मी साळीला सगळं पुन्हा सांगितलं. साळी म्हणाली, "भाऊजी, ताई जवळ नाही ना? थे दोनही आमी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीलेच खाल्ले. आईच्या कोंबड्या खाल्ल्या म्हून मले चार रात्री झोप नाही. ताईले कसं सांगू, याच्यातच होती मी."

"ताई जवळच हाय," बायको म्हणाली.

फोन कट झाला. बायकोचे खांदे हलायला लागले. रडते आहे वाटलं, म्हणून मी जवळ गेलो, तर हसत होती. हसता हसताच म्हणाली, "माह्यासंग बोलू नका." आणि पदर डोळ्यांना लावला.

काकूंना पांढऱ्यांपैकी एक गेली. म्हातारी पुढे दीड महिन्यानं पुन्हा खुडूक झाली. तोवर बायको माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या सकाळी मात्र तिनं मला टोपलीपाशी हाक मारली, माझ्या ओंजळीत म्हातारीचीच अंडी दिली आणि म्हणाली, "एकेक द्या. हळू."