हवाकाका आणि आठ नंबर

हवाकाकांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नाही, पण आमच्या रायफल क्लबात त्यांनी ‘मार’ म्हटल्याशिवाय कुणाची गोळी सुटत नसे. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान. वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून मैदानावर लावायचे झेंडे क्लबाने त्यांच्याकडून शिवून घेतले. ते पोचवायला काका आले, झेंडे कसे फडकतात ते बघत बसले आणि पुढे दर रविवारी येतच राहिले.

मी तेव्हा अगदी नवखी. नऊशे मीटरवरचं निशाण म्हणजे एक ठिपका, आणि माझी समजूत अशी की नेम धरला की झालं. पहिलीच गोळी बाजूच्या मातीत गेली. काका म्हणाले, “तुह्या नेमात काही खराबी नाही वं. हवा गोळीले ओढून राहिली. तू तिले विचारलंच नाही.”

मग माझ्या शेजारी चटईवर पालथे पडून, दुर्बिणीला डोळा लावून ते वारा सांगू लागले. माप मात्र दुकानातलं. “दीड वीत डावीकडं घे.” रायफलीला वीत कळत नाही, तिला नेम सरकवायच्या चकतीचे खटके कळतात. शेवटी विती आणि खटक्यांचा तक्ता करून मी तो रायफलीच्या दस्त्यावर चिकटवला. झेंड्यांवरही काकांचा सरसकट विश्वास नसे. “तिसरा लबाड हाय. दवानं वला झाला, म्हणून आळसावला.” थांबून थांबून मी चुळबुळले की म्हणत, “हवा बोलून राहिली. तिचं होऊ दे, मंग तू बोल.”

त्यांची हौस एकच: सांघिक स्पर्धेची ढाल एकदा आपल्या दुकानात, दुपट्ट्यांच्या मधोमध ठेवायची. एका वर्षी ती अगदी हाताशी आली. शेवटची गोळी माझी होती आणि ती मधल्या गोलात लागली की ढाल आमची. वारा सारखा पलटत होता. काकांनी मला इतकं थांबवलं की मान अवघडली. मी डोकं उचललं, मान मोकळी केली, परत नेम धरला. काका म्हणाले, “मार.”

गोळी लागली की निशाण खाली ओढून भोकावर पांढरी तबकडी लावतात आणि परत वर करतात. आमचं आठ नंबरचं निशाण जागचं हललं नाही. शेजारचं सात नंबरचं खाली गेलं आणि वर आलं, तेव्हा बरोबर मधोमध पांढरी तबकडी होती. दुसऱ्याच्या निशाणावर मारलं की आपला भोपळा, हा नियम. ढाल गेली. मी चटईत तोंड खुपसून रडले. काका दुर्बिणीतून सात नंबरकडे बघतच हळूच म्हणाले, “पण हवा तं बरोबर होती नं वं?”

गांधीबागेत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीनं मधोमध मारली. नंबर मात्र कुणालाच सांगितला नाही. मला ते दर रविवारी विचारत, “आठ पाह्यला का?”

गेल्या वर्षी काका गेले. आता गोळी झाडण्याआधी मी मोठ्याने ‘आठ’ म्हणते. बाजूचे हसतात. यंदा सांघिक स्पर्धेत निशाणही आठच आलं आणि शेवटची गोळीही माझीच. ओल्या तिसऱ्या झेंड्याकडे दुर्लक्ष केलं, वाऱ्याचं बोलणं संपू दिलं, एक वीत उजवीकडे घेतलं. आठ नंबर खाली गेला, वर आला. तबकडी मधोमध.

शेजारची चटई रिकामी होती. तिच्याकडे वळून मी म्हटलं, “काका, आपल्याच निशाणावर.”