ग्रुप कोणता?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. कोणाच्याही लग्नात गेले की हमखास विचारतात, "म्याडम, तुमच्या सायन्समधी हसासारखं काय असते जी?"

सायन्समध्ये काही नसतं हो! असतं ते सगळं ॲडमिशनमध्ये. दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत जे ऐकायला मिळतं, ते वर्षभर पुरतं. आधी मी वहीत लिहून ठेवायचे. एका प्रॅक्टिकलला त्या वहीवर ॲसिड सांडलं. तेव्हापासून किस्से डोक्यातच साठतात, आणि कोणी चहा पाजला की बाहेर पडतात.

आमची टोळी तिघांची. मी, बायोलॉजी आणि क्रॉप सायन्स शिकवणारे राठोड सर, आणि लॅब सांभाळणारे रहीमभाऊ. रहीमभाऊंचं शिक्षण दहावी, पण तीस वर्षं बाटल्या पुसून पुसून अर्धी केमिस्ट्री त्यांना माझ्यापेक्षा जास्त येते. हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही.

* * *

आमच्याकडे क्रॉप सायन्स हा बायफोकल विषय आहे. म्हणजे एक भाषा आणि एक विषय सोडून त्याजागी हाताला काम देणारा हा एकच विषय घ्यायचा. एका वर्षी आम्ही गेटवर मोठा बोर्ड लावला, 'बायफोकलच्या जागा शिल्लक. त्वरित भेटा.'

एक म्हातारे काका पाऊण तास रांगेत उभे. त्यांचा नंबर आल्यावर मी विचारलं, "पोरगा की पोरगी?"

"कोणीच नाही जी. मायाच डोळ्याले पायजे. दूरचं दिसते, जवळचं नाही दिसत."

मी कपाळावर हात मारला. रहीमभाऊ मात्र आत गेले, फिजिक्सच्या कपाटातून एक भिंग घेऊन आले आणि काकांपुढे पेपर धरला. काकांनी अख्खं पहिलं पान वाचून काढलं.

"हेच द्या. दांडी नसली तरी चालते!"

* * *

राठोड सर शिकवतात जीव ओतून. एकदा क्रॉप सायन्सच्या तासाला त्यांनी विचारलं, "कपाशीवर बोंडअळी पडली आहे, हे कसं ओळखाल?"

सरांना हवं होतं पुस्तकातलं उत्तर. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, बाबाच्या तोंडावरून."

पोरं हसली. सरही हसले, पण त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन डबा उघडला नाही.

* * *

बायोलॉजीचा आमच्याकडचा खरा शत्रू म्हणजे बेडूक! बेडूक कापणं कधीच बंद झालं. आता पोरं जास्वंदीचं फूल कापतात. पण गावात अजून तीच हवा आहे, सायन्स घेतलं की बेडूक कापा लागते.

फुलाचाही ताप कमी नाही. प्रॅक्टिकलच्या दिवसांत शाळेमागच्या काकूंची जास्वंद पार बोडकी होते. एकदा काकू थेट वर्गात आल्या. "काहून जी सर, माया देवाले एक फूल नाही अन् तुमच्या पोरांले वीस?"

सर हात जोडून म्हणाले, "काकू, देव एका फुलात पास करते. आमचा परीक्षक नाही करत!"

याच बेडकामुळे वैष्णवीचं बायोलॉजी अडलं होतं. वैष्णवी म्हणजे जवळच्या खेड्यातली पोरगी. दहावीपर्यंत आमच्याच शाळेत शिकलेली. मधल्या सुट्टीत पोरी बोरं खायच्या आणि ही मायक्रोस्कोपजवळ रहीमभाऊंना मस्का लावत बसायची. मला ती फार आवडायची. तिला बायोलॉजीच पाहिजे होतं, दुसरं काही नाही.

पण घरात शब्द चालायचा तिच्या मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. गळ्यात माळ, घरात अंडंही शिजत नाही. राठोड सरांनी त्यांना शाळेत बोलावून जास्वंद दाखवली. त्यांनी फूल उलटंसुलटं करून पाहिलं. "आज फूल कापते, उद्या बेडूक कापन, परवा माणूस!"

"काका, परवा माणूसच तर शिवायला शिकायचंय तिला!" मी म्हटलं. माझी जीभ कधी कधी नको तिथे चालते. ते उठूनच गेले, आणि जाताना निकाल देऊन गेले, "आमची पोरगी गणित घेईन."

तिचे वडील गजाननभाऊ त्यांच्या मागोमाग गेले. या भल्या माणसाने मोठ्या भावापुढे आयुष्यात कधी ब्र काढला नव्हता. मला त्यांचा रागच आला.

* * *

आता ग्रुपचं सांगते. फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित घेतलं की ए ग्रुप, बायोलॉजी घेतलं की बी ग्रुप, दोन्ही घेतलं की एबी. तुम्हीच सांगा, अशी नावं ठेवल्यावर दुसरं काय होणार?

"ग्रुप कोणता?" मी एका बापाला विचारलं.

"ओ पॉझिटिव्ह."

रहीमभाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ओ ग्रुप मंजे आर्ट्स, काका. बाजूच्या खिडकीवर जा." आणि तो माणूस गेला हो! हा किस्सा बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला. तिथे बरेच दिवस कोणी आलं की टपरीवाला विचारायचा, "ग्रुप कोणता? कटिंग की फुल?"

* * *

ॲडमिशन ऑनलाइन झाली तरी विषयांचा फॉर्म आम्ही अजून कागदावरच भरून घेतो. त्या वर्षी शेवटच्या दिवशी मोठे बाबा एका लग्नाला यवतमाळला गेले होते. फॉर्म भरायला गजाननभाऊ आले. फॉर्म लिहिला, सही केली, रहीमभाऊंच्या हातात दिला आणि बस चुकेल म्हणून पळाले.

दोन दिवसांनी यादी लागली. तिसऱ्या दिवशी मोठे बाबा स्टाफरूमच्या दारात! मागे गजाननभाऊ, त्यांच्यामागे वैष्णवी.

"आमच्या पोरीले बायोलॉजी काहून देल्ली?"

राठोड सरांनी फॉर्म काढला. ग्रुपच्या चौकटीत ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, बी.

"गजानन, ए लिवाले सांगतलं होतं ना तुले?"

गजाननभाऊंची नजर चपलेवर. "दादा, मले वाटलं रक्ताचा ग्रुप इचारून राह्यले. पोरीचा बी हाय ना."

स्टाफरूम हसून लोटपोट. मीही हसले, खोटं कशाला बोलू? ए ग्रुपच्या जागा तर भरून गेल्या होत्या. मोठ्या बाबांनी भावाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "शिकला सवरला अन् येवढं समजत नाही? येडा कुठचा!"

शेवटी मोठे बाबाच थकले. "झालं ते झालं. पण बेडूक नाही!"

"बेडूक नाही," राठोड सरांनी शब्द दिला. वैष्णवीने ओढणी तोंडात धरली होती. रडत नव्हती, एवढं मी खात्रीने सांगते.

* * *

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले. मोठे कडक. जास्वंद हुंगत त्यांनी वैष्णवीला इंग्रजीत काहीतरी विचारलं. पोरगी नावाशी अडली. राठोड सरांचा चेहरा उतरला.

"सर, इंग्रजी नाव तोंडापर्यंत येऊन राह्यलं, पण बाहीर नाही निघून राह्यलं."

"बरं, मराठीत विचारतो. परागकण कुठे असतात?"

"फुलात असतात, सर. पण आता तुमच्या नाकाले लागले."

परीक्षकांनी रुमालाने नाक पुसलं, रुमाल पिवळा झाला, आणि मार्कही भरपूर दिले.

* * *

वैष्णवी आता यवतमाळला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. मागच्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. आवाजात नुसती घाई.

"म्याडम, आज आम्ही वर्गात एकमेकींचे ब्लड ग्रुप काढले. माया ओ निघाला! बी नाहीच. तीनदा तपासला!"

मी हसतच सुटले. "अगं, म्हणजे तुझ्या बाबांचे दोन्ही ग्रुप चुकले! त्यांना सांगितलंस की नाही?"

"सांगतलं ना म्याडम. पहिला फोन त्याहिलेच लावलता. वावरात होते."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणे, 'मालूम हाय मले. तू जेवली काय?'"