रेडिएटरमधली उष्टी हळद

मोटारीचा रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकावी, गळती थांबते. ही सूचना खरी आहे. मी स्वतः करून पाहिली आहे. फक्त ती हळद कोणाची, हे आधी बघून घ्यावं.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. सांगलीत माझ्याकडे एक जुनी काळी गाडी होती. (जुनी म्हणजे, माझ्याआधी तिने तीन मालक वापरून टाकले होते.) मी मुळात काळजी करणारा माणूस. कडी लावली का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परत येणारा. त्यात गाडी घेतल्यावर रविवारच्या पुरवणीतल्या मोटार-मालकांसाठीच्या सूचना वाचायचा नाद लागला. पेट्रोलची टाकी गळली तर साबण चोळा. पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू फिरवा. त्यामुळे माझ्या डिकीत साबण, तंबाखू, सुतळी, मेणबत्ती, चिंच असा सगळा सरंजाम असे. माझी बायको मालन म्हणायची, "गाडीत समदं वाण्याचं दुकान हाय, निस्तं पेट्रोल नसतंय."

एवढं करून डिकीत हळद ठेवायची राहिली. सांगलीत राहून! जिथं पोत्यापोत्यांनी हळद रचलेली असते आणि पेठेतून नुसतं चालत गेलं तरी धोतर पिवळं होतं, तिथं राहून.

माझ्या धाकट्या भावाचं, दिनकरचं लग्न पाटणच्या पुढं, कोयनेच्या रस्त्यावरच्या एका गावात होतं. मुहूर्त गोरज. आमच्यात नवरदेवाला हळद त्याच्या घरी लावतात, आणि उरलेली उष्टी हळद नवरीकडे नेऊन तीच तिला लावतात. तोवर नवरी उपाशी. वऱ्हाड मागून ट्रकनं येणार होतं, हळद मात्र सकाळीच पुढं जायला हवी होती. घरात गाडीवाला मी एकटाच. निघताना आईने माझा हात धरला.

"बाळू, दुपारच्या आत पोचीव बाबा. हळद येळंला न्हाई गेली तर माणसं म्हणत्यात, पोराकडच्यांचं मन फिरलं."

हे तिने मला सांगायला नको होतं. ते वाक्य मी कराडपर्यंत घोकत होतो. मागच्या सीटवर मालन आणि तिच्या शेजारी आमची आत्या मांडीवर हळदीची पितळी वाटी घेऊन बसली होती. वर आंब्याची पानं, त्यावर फडकं. मी दर मैलाला विचारत होतो, "आत्या, हळद हाय न्हवं?"

"न्हाई, उडून गेली," आत्या म्हणाली. "फुडं बघ रं."

पुढं बघितलं तर बॉनेटमधून वाफ येत होती.

पाटण मागं पडलं होतं आणि रेडिएटरच्या खालच्या अंगाला पाण्याची धार लागली होती. खाली कोयना भरून वाहत होती, त्यामुळे पाण्याला तोटा नव्हता. मी घागर घेऊन उतरायचो, धापा टाकत वर यायचो, पाणी ओतायचो, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर जायचं. ऊन चढत चाललं. मला तिकडे उपाशी बसलेली नवरी दिसायला लागली, तिची आई दिसायला लागली. आणि त्याच घाबऱ्या अवस्थेत ती सूचना आठवली.

"आत्या," मी म्हणालो, "चिमूटभर हळद दे."

"कशाला?"

"रेडिएटरात टाकायला."

आत्याने वाटी पदराखाली घेतली. "नवरदेवाच्या अंगाची हळद हाय. गाडीचं लगीन लावतूस व्हय?"

"आत्या, चिमूट दिली तर उरलेली वेळेत पोचंल. न्हाई दिली तर सगळी वाटी हितंच राहील."

मालन मध्ये पडली. "द्या आत्याबाई. पोचायलाच न्हाई मिळालं तर वाटी घिऊन काय करायचं?"

आत्याने तोंड फिरवून फडकं सोडलं. "दोन बोटं घे. जास्ती न्हाई."

दोन बोटं टाकली. धारेचे थेंब झाले. पण माझ्यासारख्या माणसाला थेंबही बघवत नाहीत. आणखी दोन बोटं टाकली. थेंब सावकाश पडू लागले. मग (आत्या रस्त्याकडे बघत असताना) एक मूठच टाकली. गळती थांबली. ठार थांबली. मी मालनकडे असं काही बघितलं की जणू रेडिएटरचा शोध मीच लावला.

सूचनेत एक गोष्ट सांगायची राहिली होती. हळद जास्त झाली तर भोकाबरोबर बाकी सगळंही बंद होतं. पुढच्याच चढाच्या मधोमध गाडी फुसफुसली आणि उभी राहिली. रेडिएटर गरम असताना झाकण उघडू नये, ही सूचनाही मी वाचलेली होती. ती मला झाकण हवेत उडालेलं बघताना आठवली.

पिवळ्या पाण्याचा फवारा उठला तो थेट माझ्यावर. फेटा, मिशा, नवा कोट, सगळं हळदीत निघालं. फेट्याचा पदर तोंडावर आला म्हणून तोंड भाजायचं वाचलं. पण पाठीमागे वाटी धरून उभी असलेली आत्या दचकली, आणि उरलेली हळद रस्त्याकडेच्या चिखलात गेली. चिखलातनं काढायची सोय नव्हती. नुसती वाटी तेवढी हातात आली.

आत्याने विचारलं, "भाजलं का रं?"

"हात भाजला."

"भाजल्यावर हळदच लावत्यात. तुला लावलेलीच हाय."

मी खाली बसलो. हसू येत नव्हतं. दिनकरच्या लग्नाची हळद मी घालवली होती, आणि आईचे शब्द डोक्यात घुमत होते. शेवटी एक शेतकरी बैलजोडी घेऊन चालला होता, त्याने गाडीला बैल जुंपले. अशी आमची हळद निघाली.

गावाच्या वेशीत वाजंत्री वाट बघत बसले होते. त्यांना दिसली ती बैलांनी ओढलेली मोटार आणि सुकाणूवर हळदीने माखलेला, फेटा बांधलेला माणूस. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बायका भाकरतुकडा घेऊन धावल्या आणि मला ओवाळू लागल्या.

"नवरदेव लय वयस्कर हाय की गं," एक बाई म्हणाली.

"फोटोत असा न्हवता," दुसरी म्हणाली.

मी घाबरून ओरडलो, "आवं, मी न्हाई नवरदेव! मला न्हाई करायचं लगीन!"

वाजंत्री थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "लगीन मोडाय आला हाय." आणि वेशीलगतच्या आपल्या दारात उभी असलेली नवरीची आई मटकन खाली बसली. जी काळजी मी सांगलीपासून पोटात धरून आणली होती, ती मी माझ्याच तोंडाने वेशीत जाहीर केली होती.

तेव्हा आत्या गाडीतून उतरली. "ह्यो नवरदेवाचा थोरला भाऊ हाय. ह्येचं लगीन कवाच झालंय, बायकू मागं बसलीया. नवरदेव ट्रकनं येतूय. रडू नगासा."

"मग हळद?" नवरीच्या आईने डोळे पुसत विचारलं.

सगळ्यांनी माझ्या कोटाकडे बघितलं. आत्याने ते ओळखलं. "ती न्हवं. थोरल्या दिराच्या अंगाची हळद नवरीला कशी चालंल? नवरदेवाची हाय की. गाडीत." आणि बायका आत वळल्यावर वाटी रेडिएटरखाली धरून मला हळूच म्हणाली, "सोड तोटी."

मी तोटी सोडली. आधी काहीच आलं नाही. मग एक गुठळी सुटली आणि वाटी पिवळ्याधमक पाण्याने भरली. नवरीकडच्या हळदीत ते पाणी कालवलं. नवरीच्या आजीने वाटी नाकाशी नेली.

"वास कसला वो ह्येला?"

"सांगलीची हळद हाय," आत्या म्हणाली. "आमच्याकडं शिजवून घेत्यात."

नवरीला, सुमनला हळद लागली, ती न्हाली, दोन घास जेवली. वऱ्हाड आलं आणि मुहूर्तावर अक्षता पडल्या. मी मांडवाच्या टोकाला उभा राहून रडलो, आणि गालांवरून पिवळे ओघळ आले.

दिनकर-सुमनचा संसार चांगला चालला आहे. रेडिएटरही पुन्हा गळला नाही. आमच्या घरात अजून लग्नं होतात. हळद एसटीनं जाते, मी मागून गाडीनं. आत्याची अट एकच असते, "बाळू, पांढरा सदरा घालून ये. लांबनंच कळंल, काय केलंय ते."