वाऱ्याचा पत्रा

पत्रेमास्तरांची चाळीस वर्षं बसगाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेली. कसलाही पोचा त्यांच्या हातोडीपुढे नांगी टाकायचा. पण गेल्या दोन महिन्यांत त्यांचा स्वतःचा ट्रक चढावर दोनदा धापा टाकत थांबला आणि दोन्ही वेळा बायकोला घेऊन मागे फिरावं लागलं.

डोंगरापलीकडे तिची धाकटी बहीण होती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "तुला आत नेण्याआधी मी समोर उभी असेन," असा शब्द थोरलीने दिला होता. पण गोळ्यांमुळे हिला अर्ध्या-अर्ध्या तासाला बाथरूम लागे. म्हणून मास्तरांनी ट्रकमागे ओढायचं एक जुनं चाकांवरचं घर घेतलं होतं. आत पलंग, शेगडी आणि मुख्य म्हणजे बाथरूम. ट्रक ठेंगणा, घर उंच. समोरचा वारा टपावरून येऊन घराच्या सपाट तोंडावर थडकायचा आणि इंजिन तापायचं.

"भिंत ओढायला लावलीय तुम्ही त्याला," बायको म्हणाली. "तापेल नाहीतर काय करेल?"

मास्तरांनी ते मनावर घेतलं. वारा उचलून घरावरून फेकेल असा तिरपा पत्रा केबिनच्या टपावर बसवायचा. अंगणात ट्रक उभा करून त्यांनी पाणसळ लावली, तीनदा कोन मोजला, रिव्हेट ठोकले. मग तिच्या टोपलीतली लाल लोकर वीत-वीत कापून घराच्या तोंडावर चिकटवली. धागे निवांत लोंबले तर वारा वरून गेला. नाचले तर फसलं.

"अहो, धाकटीच्या शालीची लोकर आहे ती!"

"मग तिच्याच कामी येतेय ना?"

मोकळ्या रस्त्यावर ट्रक पळाला. बायको मान वळवून मागच्या काचेतून पाहत होती.

"धागे काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"अंगात आल्यासारखे नाचताहेत. तुमच्या पत्र्याने वारा नेमका त्यांच्या तोंडावर नेऊन दिला."

मास्तर उतरले, बाजूला उभे राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. मागे घर जोडल्यावर ट्रकची पाठ खचली होती, नाक वर झालं होतं आणि पत्र्याचा तिरपा कोन जाऊन तो जवळजवळ आडवा झाला होता. चाळीस वर्षं त्यांनी रिकाम्या गाड्यांचेच पत्रे ठोकले. ओझं लागल्यावर गाडी किती बसते, हे कधी मोजायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी घर जोडून, बायकोलाही सीटवर बसवून त्यांनी पुन्हा कोन धरला.

"मला कशाला मोजताय?"

"तुझंही वजन आहे ना."

"बोलून दाखवा आता!"

या खेपेला धागे गप्प लोंबत राहिले. इंजिनच्या तापमानाचा काटाही जागचा हलला नाही. बायकोने तेवढ्यात बहिणीला फोन लावला, "येतेय गं. तुझ्या दाजींनी वाऱ्याला वळण लावलंय!"

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी निघाले. चढाच्या पायथ्याशी चौकीचा दांडा रस्त्यावर आडवा होता.

"काका, वर वारा आडवा सुटलाय," चौकीदार म्हणाला. "काल एक उंच गाडी उलथली. घर इथे सोडा, नुसता ट्रक जाऊ देतो."

"पलीकडे पोचायला किती वेळ?"

"पाच तास. मध्ये ना हॉटेल, ना बाथरूम."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती आपल्या पायांकडे पाहत होती. "नाही जमायचं हो," ती एवढंच म्हणाली.

फोनवर बहीण हसत होती, "अगं, ये सावकाश. मी कुठे पळून जातेय?"

ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मास्तर टपावर चढले, पत्रा दाबून पाहिला. पक्का बसला होता. समोरच्या वाऱ्यासाठी त्यात काही कमी नव्हतं. ते खाली आले आणि घरासमोर हात लोंबते सोडून उभे राहिले.

"अहो, धागे बसले का?" पलंगावरून तिने विचारलं.

सगळे धागे एका बाजूला ताठ आडवे झाले होते.

"बसतील," ते म्हणाले.

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं.