एकेका रंगाची नळी

बाटलीवर छापलेल्या प्रमाणावर मास्टरचा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या सुरतच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी ओळखायला चमकत्या रंगांच्या अँटिबॉडी वापरतात. प्रत्येक अँटिबॉडी ठरावीक पेशीलाच चिकटते. मशीनमध्ये लेझरखाली रंग उजळला की पेशीची जात कळते. कंपनीने लिहिलेलं प्रमाण आम्ही निमूट घालायचो. ही मात्र पाच नळ्यांत कमी कमी करत बघायची आणि निम्म्यातच काम भागवायची. वडील पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये कलर मास्टर, म्हणून हिलाही सगळे मास्टर म्हणत.

मला तिचा हेवा वाटायचा. सरळच सांगते. मी चार वर्षांनी सीनियर, इंग्रजी फाडफाड. ही बमरोलीहून डबा घेऊन यायची आणि फोनवर "आज उशीर हुई, माय" असं अहिराणीत बोलायची. पण स्क्रीनवरचे ठिपके पाहून "ताई, हा रंग उतरलाय" म्हणाली की ते खरंच निघायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे गुजराती सर, आधी तिला हाक मारत आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी मशीनची कायमची नोकरी आमच्यापैकी एकीलाच मिळणार होती. नेमक्या तेव्हाच मला हिरव्या आणि नारंगी अशा दोन्ही रंगांत उजळणाऱ्या पेशी दिसल्या. अशा पेशी नमुन्यात असायलाच नकोत. नवीच जात सापडली म्हणून मी हवेत होते. मास्टरने मागून डोकावून विचारलं, "ताई, एकेका रंगाची नळी वेगळी चालवली होती ना? नवी बाटली आहे."

नव्हती चालवली. एक रंग दुसऱ्यात किती मिसळतो ते त्या नळ्यांवरून मोजून मशीनची सेटिंग बसवतात; मी मागच्या आठवड्याचीच वापरली होती.

"आमच्याकडे लाल माल काढून रंगवायचं जेट मशीन नीट धुतलं नाही, तर पुढचा पांढरा कपडा गुलाबी निघतो," ती हळूच म्हणाली. "हिरवा नारंगीत उतरला असेल."

"तुझी मिल नाहीये ही," मी म्हटलं आणि तडक सरांकडे गेले. सर खूश झाले. "बहु सरस!" म्हणाले, आणि मास्टरला बोलावून पुन्हा चालवायला सांगितलं. तिने आधी एकेका रंगाच्या नळ्या लावल्या, सेटिंग बसवली, मग माझा नमुना. माझ्या नव्या पेशींपैकी एकही शिल्लक राहिली नाही.

"भूल कोनी?" सरांनी विचारलं. चूक माझी होती.

"नवी बाटली होती, सर. मी ताईंना सांगायला हवं होतं," मास्टर म्हणाली.

तिने मला वाचवलं, याचा मला त्या दिवशी भयंकर राग आला. हरले असते तरी चाललं असतं, हे उपकार नको होते.

नोकरी तिलाच मिळाली. दोनच वर्षांत पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावून नेलं आणि रिकामी झालेली खुर्ची माझ्याकडे आली. जाताना माझ्या पाया पडली. मी "सुखी राहा" म्हटलं, तेही ओठातल्या ओठात.

आता नव्या मुली आल्या की मी त्यांना पहिल्याच दिवशी एकेका रंगाची नळी लावायला बसवते. परवा एकीने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "अनुभवाने येतं."